अलार्म ‘गेला’ म्हणजे वाजला

इंग्रजीत सकाळी अलार्म ‘वेंट ऑफ’, म्हणजे तो वाजला. रात्री दिवे ‘वेंट ऑफ’, म्हणजे ते गेले. शब्दांची जोडी तीच, पण एक गोष्ट सुरू होते आणि दुसरी बंद पडते! ‘ऑफ म्हणजे बंद’ असं आपण शाळेत घोकलेलं असतं, त्यामुळे पहिलं वाक्य वाचून घड्याळच बिघडलं असं वाटतं. शिवाय ब्रिटनमध्ये नासलेलं दूधही ‘ऑफ’ जातं. आणि बॉम्बही ‘ऑफ’च जातो, म्हणजे फुटतो.

क्रियापदाला छोटा शब्द जोडून होणाऱ्या अशा जोड्यांनी परदेशी माणसाला सगळ्यात जास्त छळलं आहे, हे इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय.

‘ऑफ’चा मूळ अर्थ बंद नव्हे, ‘पासून दूर’. इंग्रजीतले ‘ऑफ’ (off) आणि ‘ऑव्ह’ (of) हे एके काळी एकच शब्द होते आणि संस्कृतातला ‘अप’ त्यांचा चुलतभाऊ. अपहरणात माणसाला दूर नेतात ना, तोच हा अप. म्हणून ‘गो ऑफ’ दिसलं की चालू की बंद हे विचारायचं नाही, कशापासून दूर ते विचारायचं. दिवा उजेडापासून दूर गेला, दूध चांगलेपणापासून. किल्लीच्या घड्याळात गजराची स्प्रिंग ताणून एका खिट्टीने अडवलेली असते. वेळ झाली की खिट्टी सुटते आणि हातोडी घंटेवर आपटत राहते. गजराची ठरलेली स्थिती गप्प बसण्याची, तिच्यापासून तो सुटला. बंदुकीचा चाप ओढल्यावरही असंच काहीतरी सुटतं.

एकाच शब्दाला असे एकमेकांशी जोडलेले अनेक अर्थ असणं, याला भाषाशास्त्रात अनेकार्थता म्हणतात. सगळेच अर्थ इतके सरळ जुळतात असं नाही, काही पाठच करावे लागतात.

एखाद्याबद्दलची आवड संपली की ब्रिटिश माणूस म्हणतो, मी त्याच्यापासून ‘गॉन ऑफ’. आपण म्हणतो, तो माझ्या मनातून उतरला. गंमत म्हणजे उन्हाळ्यात रात्रीचं वरणही उतरतं, नशा उतरते, रंग उतरतो, चेहरा उतरतो. मराठी शिकणाऱ्याने ‘उतरणे म्हणजे खाली येणे’ एवढंच पाठ केलं असेल, तर ताप उतरल्यावर घरातले खूश का आणि वरण उतरल्यावर वैतागलेले का, हे त्याला कोण सांगणार?