पायांना शेपूट फुटते तेव्हा

मोनोफिन चढवलेला जलतरणपटू तलावाच्या काठावर अगदी केविलवाणा दिसतो. दोन्ही पाय एकाच रुंद पात्याला जोडलेल्या रबरी बुटांत कोंबलेले. ते बूट इतके घट्ट, की साबणाचं पाणी सोडल्याशिवाय कित्येकांचे पाय आत शिरतच नाहीत. चालायची तर सोयच नाही. पण एकदा सूर मारला की हाच गडी, अव्वल दर्जाचा असेल तर, 50 मीटर अंतर 14 सेकंदांच्या आत कापतो. ब्राझीलच्या सेझार सिएलोने 2009 मध्ये नुसत्या हातापायांच्या जोरावर हेच अंतर 20.91 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला होता. मोनोफिनपुढे तो बैलगाडीचा वेग वाटतो.

एवढी ताकद येते कुठून? खरं तर कुठूनच नाही. पातं म्हणजे काही मोटर नव्हे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग दीडपट करायचा तर शक्ती तिपटीहून जास्त लागणार. कुणाच्याही मांड्या अशा तिप्पट होत नाहीत. तेव्हा जे काही साधतं, ते उधळपट्टी थांबवून.

पुढे जायचं तर पाणी मागे ढकलावं लागतं. समजा, 10 किलो पाणी सेकंदाला 2 मीटर वेगाने मागे लोटलं, किंवा 20 किलो पाणी 1 मीटर वेगाने. शरीराला मिळणारा धक्का दोन्हीकडे सारखाच. खर्च मात्र पहिल्या वेळी 20 ज्यूल, दुसऱ्या वेळी 10. पुष्कळ पाणी हळू ढकलणं हे थोडं पाणी जोरात ढकलण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं. तळहात आणि पाऊल ते तरी किती पाणी धरणार! मोनोफिनचं पातं स्पर्धेच्या नियमांनुसार 76 सेंटिमीटरपर्यंत रुंद असू शकतं. सगळी गंमत त्या रुंदीत आहे.

मग आणखी मोठं आणि कडक पातं का नको? याचं उत्तर मला एकदा उसनी घेतलेली साधी, दोन पायांत वेगवेगळी घालायची फिन्स चढवून मिळालं. दोन फेऱ्यांतच पोटरीत असा गोळा आला की काठ धरून बसावं लागलं. पातं जितकं ताठ, तितका भार पायांवर. आणि फार लवचीक असलं, तर ते नुसतंच लवतं, पाणी बाजूला निसटतं. म्हणून काचतंतूचं किंवा कार्बनचं हे पातं बुटांपाशी जाड आणि टोकाकडे पातळ करत नेलेलं असतं. प्रत्येक फटक्यात टोक थोडं मागून येतं आणि पाण्याला खाली दाबण्याऐवजी मागे सारतं. त्यामागे एकाआड एक उलटसुलट भोवऱ्यांची रांग सुटते. मासे आणि डॉल्फिन पोहतानाही अशीच रांग सोडतात.

त्यातही आपलं नातं माशांपेक्षा डॉल्फिनशी. मासा शेपूट डावीउजवीकडे हलवतो, डॉल्फिन वरखाली. डॉल्फिन सस्तन आहे, आणि सस्तन प्राण्यांचा कणा धावताना वरखाली वाकतो. डॉल्फिन आणि देवमाशांचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात गेले, ते हा कणा घेऊनच. त्यांच्या एका जवळच्या नातेवाइकाचे, हरणासारख्या चिमुकल्या इंडोह्यसचे, जीवाश्म आपल्याकडे जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात सापडले आहेत. मोनोफिनचा फटकाही पायांतून निघत नाही. लाट छातीपासून सुरू होते, कमरेत वाढते आणि पात्यावर जाऊन फुटते. नवशिका नेमका गुडघ्यातून लाथा झाडतो आणि दमतो.

आता सगळ्यात मजेशीर भाग. पोहण्यासाठी सर्वांत वाईट जागा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. तिथे शरीर पुढे लाट उठवत जातं, आणि पाणी वर उचलायला लागणारी ऊर्जा पोहणाऱ्याच्या खिशातून जाते. अर्धा-पाऊण मीटर खाली गेलं की हा भुर्दंड जवळपास संपतो. म्हणून श्वास रोखून पाण्याखालून होणारी 50 मीटरची 'अप्निया' शर्यत सर्वांत वेगवान. चेहऱ्याच्या मधोमध बसवलेला स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, वापरून पृष्ठभागावर होणारी तेवढीच शर्यत साधारण सेकंदभराने मागे पडते. तिथे सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर फक्त 15 मीटर बुडून जाता येतं. साध्या जलतरणातही ही 15 मीटरची मर्यादा आहेच. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानच्या दाइची सुझुकीने बॅकस्ट्रोकचा, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या शर्यतीचा, बराचसा भाग पाण्याखालून पोहून सुवर्ण नेलं, आणि त्यानंतर असे निर्बंध सुरू झाले.

'फिनस्विमिंग' नावाचा हा खेळ तसा नवा. फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लिओ याने पायात घालायच्या फिनचं पेटंट 1933 मध्ये घेतलं. 'सीमास' ही पाण्याखालच्या खेळांची जागतिक संघटना 1959 मध्ये मोनॅकोत स्थापन झाली, पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा 1976 मध्ये हॅनोव्हरला झाली. ऑलिंपिकमध्ये अजून शिरकाव नाही, पण ऑलिंपिकबाहेरच्या खेळांसाठी भरणाऱ्या वर्ल्ड गेम्समध्ये तो 1981 च्या पहिल्या खेपेपासून आहे.

यातला 'इमर्शन' प्रकार मला सर्वांत आवडतो. हवेची छोटी बाटली घेऊन 100 किंवा 400 मीटर सगळं पाण्याखालूनच पोहायचं. पाणबुड्यासारखी बाटली पाठीवर मात्र कुणी बांधत नाही. पाठीवरचं ते टेकाड पाण्याला अडेल आणि कण्याची लाटही अडवेल. म्हणून दोन्ही हात लांब करून ती समोर धरतात, आणि बाटलीचा गोल बुडखा पाणी कापत सगळ्यांत पुढे जातो.