मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी मुरते कुठे?

मराठवाड्यात विहीर खणताना आधी काळी माती लागते, मग पिवळसर मुरूम, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय हार न मानणारा काळा पाषाण. मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा, तर कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक. हे सगळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. एक लोट थिजून दुसरा यायच्या आत वरचा भाग उन्हापावसाने कुजत, फुटत गेला. विहिरीला पाझर येतो तो बहुतेक या कुजलेल्या, तडकलेल्या भागातूनच.

मांजऱ्या खडकाची भोके पाहून आत भरपूर पाणी असेल असे वाटते. पण लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे पडलेल्या या पोकळ्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या नसतात, आणि कित्येक तर झिओलाइट नावाच्या खनिजाने बुजलेल्या असतात. पाण्याला पुढे सरकायला सलग वाट लागते. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना आन्री डार्सी या अभियंत्याने वाळूच्या थरातून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ साली नियम मांडला : पाण्याच्या पातळीतला फरक वाढला की प्रवाह वाढतो, थराची लांबी वाढली की घटतो, बाकी सगळे तो थर किती वाट देतो यावर. वाळूत ही वाट सगळीकडे सारखी. आपल्याकडे ती भेगांमधून जाते, म्हणून एका बांधावर विहिरीला झरे फुटतात आणि पलीकडच्या शेतात बोअरमधून नुसता फुफाटा उडतो.

सतराव्या शतकात मलिक अंबरच्या खडकी शहराला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, डोंगराच्या बाजूने झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीतून आणले होते. त्या माणसांना इथल्या उथळ पाझराची जाण पक्की होती, असे मला वाटते.

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअरच्या गाड्या गावोगाव पोचल्या आणि नजर खाली, आणखी खाली गेली. माझ्या मते इथेच हिशेब चुकला. कुजलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे याच काळ्या पाषाणाच्या कुजलेल्या भागातून, उपसता येण्याजोगे पाणी खडकाच्या घनफळाच्या जेमतेम १ ते ३ टक्के धरतात. त्याखालच्या घट्ट पाषाणात त्याहूनही कमी. शे-दोनशे मीटर खाली एखादी भेग लागलीच, तरी तिच्यातले पाणी पुन्हा भरायला वरच्या मुरमातूनच उतरावे लागते, तेही सावकाश. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा जिल्ह्यात बोअरची वाण नव्हती. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई आहे, ती या खडकाचा स्वभाव पाहता रास्तच आहे.