सीमाभागातली बस: इंधनाचा भाव आणि तिकिटाची हद्द

खानापूरहून बेळगावला रोज दुचाकीने कामाला येणाऱ्याचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. गाडी लिटरला पन्नास देत असली तरी दिवसाला लिटरभर पेट्रोल लागते, म्हणजे शंभरावर रुपये. महिन्याचे कामाचे पंचवीस दिवस धरले तर अडीच हजार नुसते टाकीत जातात. उद्यमबागेतल्या फौंड्रीत राबणाऱ्याला हे परवडत नाही, म्हणून माणसे पुन्हा बसस्टँडकडे वळतात. मात्र या भागात बस किती स्वस्त पडणार, हे नुसत्या अंतरावर ठरत नाही.

इंधनाच्या अडचणीमुळे प्रवासाची रीत बदलणे इथे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर मिळू लागले, तेव्हा मुंबई इलाख्यात कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवल्या गेल्या. बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. तो खासगी सर्व्हिस मोटारींचा काळ. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. सुटली आणि मुंबई राज्यात सरकारी बसचा जम बसू लागला.

खरा फरक पडला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. चंदगडकराला कोल्हापूर लांब, बेळगाव जवळ. त्याचा बाजार, दवाखाना, पोरांचे कॉलेज, सोयरीक, सगळे बेळगावशी बांधलेले. ते काही एका रात्रीत तुटले नाही, आजही तुटलेले नाही. वेंगुर्ले रस्त्याने निघालात तर उचगाव फाटा कर्नाटकात आणि थोडे पुढे शिनोळी महाराष्ट्रात. शिनोळीच्या कारखान्यांत बेळगावकडची माणसे कामाला जातात, आणि चंदगडकडची माणसे बेळगावच्या बाजारात येतात. रस्ता एकच, पण त्यावर दोन राज्यांच्या बस आंतरराज्य कराराने धावतात.

कर्नाटकच्या बाजूला १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळ झाले. १९९७ मध्ये त्यातून हुबळीला मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटक महामंडळ वेगळे निघाले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या बस आज त्याच्याच.

मधल्या काळात दुचाक्या घरोघरी आल्या, वडाप म्हणजे खासगी जीपची वाहतूक वाढली, आणि बस ही गाडी नसलेल्यांची सोय मानली जाऊ लागली. मग २०१० मध्ये पेट्रोलवरचे आणि २०१४ मध्ये डिझेलवरचे सरकारी दरनियंत्रण उठले. जून २०१७ पासून भाव रोज ठरू लागले. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने विक्रीकर वाढवला आणि लिटरमागे आणखी तीन रुपये चढले.

त्याच सुमाराला दोन्ही सरकारांनी महिलांना सवलती दिल्या. महाराष्ट्राने मार्च २०२३ मध्ये एस.टी.चे तिकीट निम्मे केले. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत केला. खानापूरहून बेळगावला धुणीभांड्याला किंवा दुकानात कामाला येणाऱ्या बाईच्या हातात त्यामुळे महिन्याला खरोखरचे पैसे उरू लागले. इतके थेट पोचणारे सरकारी काम मी तरी या भागात क्वचितच पाहिले आहे.

पण चंदगडहून बेळगावला येणाऱ्या बाईचे निम्मे तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढे पूर्ण. कर्नाटकात राहत नसल्याने ‘शक्ती’ही तिला लागू नाही. उलट बाजूने शिनोळीला कामाला जाणाऱ्या बेळगावच्या बाईला आंतरराज्य बसमध्ये मोफत प्रवास नाही. अंतर थोडे, पैसे मात्र रोजचे. पुरुषांना तर दोन्हीकडे पूर्ण तिकीट, आणि डिझेल महागल्याचा भार तिकिटावरही येतो: जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाने पंधरा टक्के आणि महाराष्ट्राने जवळजवळ तेवढीच भाडेवाढ केली.

शिवाय सीमावाद पेटला की सगळ्यांत आधी बस थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच झाले. ज्याने खर्च वाचवायला गाडी घरी ठेवली, त्यालाच अशा दिवशी पुन्हा पेट्रोल भरावे लागते किंवा खाडा करावा लागतो. परिवहनाचा करार दोन राज्यांत आधीपासून आहेच. त्यातच हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या रोजच्या प्रवाशांसाठी एक सामाईक मासिक पास बसवावा आणि महिलांची सवलत निदान शिनोळी, निपाणी, कागल अशा जवळच्या टप्प्यांपर्यंत दोघांनीही मानावी, एवढी मागणी इथल्या कामगारांनी लावून धरायला हवी.