दंडावरची खूण नाही, म्हणजे बीसीजी फुकट गेली?

बीसीजी ही क्षयाविरुद्धची (टीबीची) लस दिल्यावर बाळाच्या दंडावर व्रण उठला नाही की घरात ठरूनच जातं: ‘लस लागली नाही, पुन्हा टोचून आणा.’ हे चूक आहे. काही बाळांना व्रण येतच नाही, आणि तेवढ्यावरून पुन्हा लस द्यायची नाही, असंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

ही लस डाव्या दंडावर, कातडीच्या आतच देतात. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, त्यानंतर ०.१ मिली. टोचताक्षणी संत्र्याच्या सालीसारखी पांढरट गाठ उठली, तर सुई बरोबर बसली. ती तासाभरात विरते. दोन-तीन आठवड्यांनी बारीक फोड येतो, फुटतो, खपली धरतो. या फोडावर हळद, मलम, शेक काही नको. साध्या पाण्याची आंघोळ चालते. सुई खोल गेली तर मात्र गळू होऊ शकतं. काखेत गाठ वाढू लागली किंवा पू झाला, तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक घोळ. तिशीतली माणसंसुद्धा या खुणेला ‘देवीची लस’ म्हणतात. भारतातली पहिली लस मुंबईत १८०२ साली अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, ती देवीची. जग देवीमुक्त झाल्याचं १९८० साली जाहीर झालं आणि ते टोचणं थांबलं. तिशीतल्यांच्या दंडावरची खूण बीसीजीची, म्हणजे क्षयाविरुद्धच्या लसीची. लहानग्यांना मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर क्षयापासून ती चांगलं संरक्षण देते. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर तिचा तेवढा भरवसा नाही.