टाकी मोजणीच्या वायरिंगमधला व्होल्टेज ड्रॉप

टाकीवरच्या लेव्हल किंवा प्रेशर ट्रान्समीटरला (मोजलेलं करंटच्या रूपात पाठवणाऱ्या यंत्राला) कंट्रोल रूममधून दोन वायरची केबल जाते, त्या लूपमधून करंट वाहताना वाटेत जेवढे व्होल्ट खर्ची पडतात तो व्होल्टेज ड्रॉप. ठाणे-बेलापूर रोडच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापे-तुर्भेकडच्या केमिकल प्लांटमध्ये आणि तिकडे न्हावा-शेवाच्या टँक फार्मवर हा हिशोब इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या नेहमीच्या कामातला.

हा करंटच सिग्नल असतो, टाकी रिकामी असली की ४ मिलिअँपिअर आणि भरली की २०; हे आकडे नेमके कुठून आले यावर एकमत नाही. न्यूमॅटिकच्या, म्हणजे हवेच्या दाबाने सिग्नल पाठवायच्या जमान्यात ३ ते १५ पीएसआय चालायचं, ३ हा १५ चा पाचवा हिस्सा आणि ४ हा २० चा, तेच प्रमाण पुढे विजेत उचललं असं एक मत आहे. दुसरं असं की टाकी रिकामी असली तरी ट्रान्समीटरचं सर्किट चालू ठेवायला थोडा करंट लागतोच, आधीच्या १०–५० मिलिअँपिअर पद्धतीत तो १० होता आणि ट्रान्झिस्टर आल्यावर ४ वर भागायला लागलं. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत, पण ड्रॉपच्या अंगाने दुसरं जास्त पटतं, कारण सिग्नल आणि पॉवर एकाच जोडीवर आहेत. अमेरिकेतलं आयएसए या इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या संस्थेचं स्टँडर्ड १९७० च्या दशकातलं, आंतरराष्ट्रीय आयईसी ६०३८१-१ हे १९८२ चं.

हिशोब ओहमच्या नियमाचाच. अंतर दुप्पट धरायचं, जायची वायर अधिक यायची, आणि करंट २० नाही तर २२ मिलिअँपिअर, कारण नामूर एनई ४३ या शिफारशीप्रमाणे फॉल्टचा सिग्नल २१ च्या वर जातो. दीड स्क्वेअर एमएम तांब्याचा रेझिस्टन्स २० अंशांना किलोमीटरला १२.१ ओहम, म्हणजे ४०० मीटरवरच्या टाकीला लूपचे ९.७ ओहम आणि ड्रॉप जेमतेम ०.२१ व्होल्ट. उन्हात केबल ५० अंशांवर गेली तरी ०.२४. खरं खाणारे दुसरेच: हार्टसाठीचा (त्याच वायरवरून डिजिटल माहिती पाठवायची पद्धत) २५० ओहमचा रेझिस्टर ५.५ व्होल्ट घेतो, ३०० ओहमचा झेनर बॅरियर (स्फोटक जागेत जाणारी वीज मर्यादित ठेवणारा) ६.६. पॉवर सप्लाय २४ चा, ट्रान्समीटरपाशी उरतात ११.७, आणि त्याला किमान १२ लागत असतील तर गणित फसलं. तरी सगळे केबल जाड करायच्याच मागे लागतात!

त्यात टाकीखाली २ व्होल्ट खाणारा लूप डिस्प्ले लावला तर करंट १७.९ च्या पुढे जाऊच शकत नाही. रिकाम्या टाकीला सगळं बरोबर दिसतं, टाकी भरत आली की ८७ टक्क्यांच्या आसपास रीडिंग अडकतं किंवा ट्रान्समीटर रीसेट होत राहतो, आणि ओव्हरफ्लोचा धोका नेमका तेव्हाच असतो. बॅरियरच्या जागी तेच काम करणारा, पण फील्डला स्वतः पॉवर देणारा आयसोलेटर घेतला तर बहुतेक वेळा सुटतं, फक्त तो फील्डला किती व्होल्ट देतो ते डेटाशीटमध्ये बघायचं.

पॉवर वेगळ्या जोडीवरून घेणाऱ्या चार वायरच्या रडार लेव्हल मीटरचं वेगळं. तो ०.३ अँपिअर घेत असेल तर त्याच केबलवर २.९ व्होल्ट जातात, तिथं मात्र जाड केबलच.

खाडीच्या खाऱ्या दमट हवेत जंक्शन बॉक्समधले वायरच्या टोकाचे लग हिरवे पडतात, केबल आत शिरते तिथला ग्लँड ढिला असला की लवकरच, आणि तो रेझिस्टन्स कुठल्याच शीटमध्ये नसतो. म्हणून कंट्रोल रूमला सांगून लूप मॅन्युअलला टाकायचा, हातातल्या हार्ट कम्युनिकेटरवरून करंट २२ वर फिक्स करायचा आणि ट्रान्समीटरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजायचं. झोन एकमध्ये, म्हणजे हवेत स्फोटक वायू असू शकतो अशा जागी, त्यासाठी साधा मल्टीमीटर चालत नाही, आयएस (ठिणगीने स्फोट होणार नाही असा) सर्टिफाइडच लागतो.