दालचिनीतील कूमारीन रक्त पातळ करते का?

दालचिनीचे पाणी रोज प्यायल्याने रक्त पातळ होते, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फिरतो आणि शास्त्राचा आधार म्हणून त्यात कूमारीनचे नाव जोडलेले असते. वाळत्या गवतासारखा गोडसर वास असलेले हे द्रव्य १८२० मध्ये दक्षिण अमेरिकेतील टोंका बियांपासून वेगळे करण्यात आले आणि १८६८ मध्ये विल्यम पर्किन यांनी ते प्रयोगशाळेत घडवल्यानंतर अत्तरांच्या धंद्यात रुळले. रक्त पातळ करण्याचा गुण मात्र त्याच्यात नाही.

या गैरसमजाचे मूळ गुरांच्या एका रोगात आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर हा सुवासिक चारा बुरसटलेला असताना खाल्लेली गुरे किरकोळ जखमेनेही रक्तस्राव होऊन मरत. नीट वाळवलेला तोच चारा त्यांना बाधत नसे. बुरशी चाऱ्यातील द्रव्यांपासून असा रेणू बनवते, ज्यात कूमारीनच्या चौथ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो, आणि असे दोन रेणू एका कार्बनच्या दुव्याने जोडले गेले की डायकूमारॉल तयार होते. रक्त गोठवणाऱ्या काही प्रथिनांना कॅल्शियम धरता यावे म्हणून यकृत त्यांच्यातील ग्लुटामिक आम्लाला आणखी एक कार्बॉक्सिल गट जोडते. त्या कामी खर्ची पडलेले के जीवनसत्त्व पूर्ववत करणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) डायकूमारॉल अडवते, म्हणून रक्त नीट गोठत नाही. साध्या कूमारीनला ते जमत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने हा उलगडा केला, आणि याच कुळातील वॉरफरिन आधी उंदरांचे विष आणि मग माणसांसाठी रक्त पातळ करणारे औषध झाले.

कूमारीनचा खरा धोका यकृताला आहे. अमेरिकेने १९५४ मध्ये ते अन्नात मिसळण्यास बंदी घातली. भारतीय नियमांतही स्वादद्रव्य म्हणून कूमारीन आणि टोंका बी वापरण्यास मनाई आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. दालचिनी म्हणून सर्रास विकल्या जाणाऱ्या जाड सालीच्या कॅसियात किलोमागे सुमारे ३ ग्रॅम कूमारीन असू शकते, तेव्हा तिची २ ग्रॅम पूड, चमचाभरसुद्धा नव्हे, ही मर्यादा गाठते. मसालेभातातल्या तुकड्याची धास्ती घेण्याचे कारण नाही; प्रश्न आहे तो औषध समजून रोज घेतलेल्या पुडीचा. पातळ पापुद्र्यांच्या सुरळीची खरी दालचिनी वेगळ्या झाडाची असते आणि तिच्यात कूमारीन अत्यल्प असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात तिचीच.