सुट्या खडीला धरून ठेवणारी जाळी

नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन वाटा एकमेकींना छेदतात. तिथून मालगाडी धडधडत गेली की माझी नजर रुळांखालच्या खडीवर जाते. एकेका आसावर वीस टनांहून जास्त भार, आणि तो शेवटी झेलतात सुटे दगड. त्यांना ना सिमेंट, ना डांबर.

दगड सुटे ठेवण्याला कारण आहे. पावसाचं पाणी निथळून जातं, आणि रूळ खचला तर खडी पुन्हा ठोकून तो पातळीत आणता येतो. पण सुटे असल्यामुळेच ते दर गाडीगणिक थोडे बाजूला सरकतात.

खडीची ताकद नुसती दगडाच्या टणकपणात नसते. कन्हानच्या पात्रातला गुळगुळीत गोटा कितीही टणक असला तरी रुळाखाली तो घरंगळणार. क्रशरमधून निघालेल्या काळ्या बेसॉल्टला कोन असतात आणि ते एकमेकांत अडकतात. ही अडकण मोजायची कशी?

इंजिनिअरिंग कॉलेजात मातीसाठी जी शिअर बॉक्स, म्हणजे माती घसरायला किती विरोध करते ते मोजणारी पेटी, वापरतात ती 6 सेंमी चौरस असते. रेल्वेची खडी 20 ते 65 मिमीची. एकच दगड ती पेटी अडवून बसेल! म्हणून खडीसाठी 30 सेंमी किंवा त्याहून मोठी पेटी लागते. पेटीचे दोन भाग, एकावर एक. वर झाकण लावून त्यावर वजन ठेवायचं, एक भाग जागीच धरायचा, दुसरा हळूहळू आडवा सरकवायचा आणि किती जोर लागतो ते टिपायचं. यात मला सगळ्यात सुंदर वाटतं ते झाकणाचं वर उचललं जाणं. पुढे सरकायला दगडाला शेजारच्या दगडावर चढावं लागतं, म्हणून सगळी खडी फुगते. वरचं वजन वाढवलं की चढणं अवघड होतं आणि दगडांचे कोपरे तुटू लागतात. चाचणीनंतर खडी पुन्हा चाळली की किती चुरा झाला ते कळतं.

आता दोन भागांच्या मधोमध जिओग्रिड ठेवायची. ही पॉलिमरची जाळी. तिच्या भोकांत दगड अर्धवट रुततात आणि जाळीच्या पट्ट्या त्यांना बाजूला सरकू देत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात बुद्धिमा इंद्ररत्न आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या भोकांच्या जाळ्या तपासल्या. भोक सरासरी दगडाच्या 1.15 ते 1.3 पट असलं तर पकड उत्तम. 0.95 पटीच्या खाली गेलं तर दगड भोकात शिरतच नाहीत, जाळीवरून घसरतात, आणि जाळी घातलेली खडी नुसत्या खडीपेक्षाही कमकुवत ठरते. आपल्याकडे साधारण निम्मी खडी 40 मिमीच्या चाळणीवर राहते, म्हणजे सरासरी दगड साधारण 40 मिमीचा. त्या हिशेबानं भोक 46 ते 52 मिमीचं हवं. जाळी महागडी आणि मजबूत, पण भोक बारीक, तर पैसे वाया.

नागपूर परिसराला आणखी एक गोष्ट लागू पडते. चंद्रपूर, उमरेडकडचा कोळसा रेल्वेनं जातो आणि त्याची भुकटी खडीत झिरपते. वोलोंगाँगच्याच चाचण्यांत असं दिसलं की भुकटी वाढत जाते तसा जाळीचा फायदा घटत जातो. ती दगडांमध्ये वंगणासारखी बसते. म्हणून विदर्भातल्या मार्गांसाठी जाळी निवडताना स्वच्छ धुतलेल्या खडीवर चाचणी घेऊन भागणार नाही. पेटीत कोळशाची भुकटी मिसळायला हवी, एकदा मे महिन्यासारखी कोरडी आणि एकदा जुलैसारखी भिजलेली.